यादीत नसलेलं काम

मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात मी जळीत वॉर्डची वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ती होते. त्यासाठी एमएसडब्ल्यू केलं होतं, परीक्षा दिल्या होत्या आणि त्या कामाचा मला दरमहा पगार मिळत होता. हे एवढं फोडून सांगायची सवय मला दुबईत लागली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नवऱ्याच्या नोकरीमागे मी आणि आमची लहान मुलगी अल मनखूलच्या एका फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिथल्या पहिल्याच गणपतीत एका बाईंनी विचारलं, "तुम्ही तिकडे काय करायचात?"

"मी सोशल वर्कर आहे."

"अगबाई, किती छान! मग आमच्या कमिटीत याच. प्रसादाची पाकिटं भरायला माणसं हवीच आहेत."

पाकिटं भरली. माझा पाकिटांवर राग नव्हता. पण कुणी डॉक्टर आहे म्हटल्यावर त्याच्या हातात कुणी शेवबुंदी देत नाही, हे घरी येईपर्यंत मनात खुपत राहिलं.

माझ्या व्हिसावर शिक्का होता: गृहिणी, काम करण्यास परवानगी नाही. काम करायचं तर नवऱ्याची एनओसी हवी, म्हणजे आपली बायको नोकरी करते आहे याला आपली हरकत नाही असं त्यानं लिहून द्यायचं. नवऱ्यानं ते पत्र ऑफिसात टाइप करून घेतलं आणि माझ्यासमोर धरून म्हणाला, "हरकत घ्यायची हिंमत कुणाची आहे, असं लिहायचं होतं. पण टायपिस्ट ऐकेना." मी हसले. ते पत्र फाडून टाकावंसंही वाटलं. पण नोकरी हवी होती.

पदवीचं प्रमाणपत्र अटेस्टेशनसाठी मुंबईला गेलं, मंत्रालयातून दिल्लीला गेलं, तिथून वकिलातीत गेलं आणि पाठीवर शिक्के उमटवून घेत काही महिन्यांनी परत आलं. ते घेऊन मी ऊद मेथा भागातल्या, मुलीच्या शाळेजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात मुलाखतीला गेले. तिथले मुख्य डॉक्टर हाडांचे सर्जन होते, हैदराबादचे. त्यांनी मला लगेच घेतलं. म्हणाले, "पेशंट की बीवी रोती है तो मुझे समझ में नहीं आता क्या करूँ. आप आ जाइए."

अडचण पुढे आली. तिथे हॉस्पिटलात काम करणाऱ्या प्रत्येकाला सरकारी परवाना लागायचा. डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट, एक्स-रे काढणारा, प्रत्येकासाठी यादीत एक रकाना होता. माझ्यासाठी नव्हता. हॉस्पिटलचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मूळचे पुण्याचे. ऑफिसात ते मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ‘वहिनी’. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, कॅटेगरीच नाही. लेबर कार्डावर रिसेप्शनिस्ट टाकतो. काम तुम्ही तुमचं करा, कोण बघतंय?"

असं माझं लेबर कार्ड, म्हणजे नोकरीचं सरकारी ओळखपत्र, निघालं. बॅजवरही तेच आलं. सकाळी मी अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर बसायची आणि वॉर्डातून फोन आला की उठून वर जायची. कुणाला आजार समजावून घ्यायचा असे, कुणाचं मूल दगावलेलं असे, कुणी गावी फोन करून काय सांगायचं या विचारानं जेवणखाण सोडलेलं असे. सर्जन फायलीवर लिहायचे, ‘मॅडमना भेटवा’. फायलीत माझं नाव नसायचं. मी बोललेलं सगळं हवेत जायचं.

मग रुवैसचा पेशंट आला.

ते वसईचे होते, ख्रिश्चन, चाळिशीच्या आतबाहेरचे. अबू धाबीच्याही पलीकडे, रुवैसला रिफायनरीच्या एका ठेकेदाराच्या कॅम्पमध्ये मेस सांभाळायचे. त्यांची बायको दुबईत एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. नवरा-बायको एकाच देशात, पण भेटायचे कधीतरी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. असेच एका गुरुवारी ते कॅम्पच्या गाडीतून बायकोकडे यायला निघाले आणि वाटेत गाडी उलटली. अबू धाबीला ऑपरेशन झालं. मग बायको जवळ असावी म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. मणक्याला मार लागला होता. कमरेखाली काहीच जाणवत नव्हतं.

हे पुन्हा चालणार नाहीत, हे सर्जनना ठाऊक होतं, नर्सेसना ठाऊक होतं, त्यांच्या ठेकेदार कंपनीच्या माणसालाही ठाऊक होतं. ते त्यांना स्वतःला आणि त्यांच्या बायकोला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीच्या माणसाला घाई होती. स्ट्रेचरसाठी विमानातल्या सीटा काढून जागा करायची, पुढच्या आठवड्यात मुंबई, खलास. त्यासाठी पेशंटची सही हवी होती, की मी माझ्या मर्जीनं घरी जात आहे. पेशंट सही करत नव्हते. "बरा होऊनच जाईन," एवढंच म्हणायचे.

सर्जननी मला बोलावलं. "आप ज़रा समझाइए ना. आपकी भाषा का आदमी है. साइन कर देगा."

"डॉक्टर, त्यांना आजार सांगितलाय का?"

"बता देंगे. पहले घर तो पहुँचने दीजिए."

मी म्हटलं, "सही करायला मी सांगणार नाही. आजार तुम्ही सांगा, त्यांच्याजवळ मी बसेन. ते माझं काम आहे."

ते नजर चुकवून म्हणाले, "कल देखते हैं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाई माझ्या काउंटरवर आल्या. लाँड्रीतून थेट आल्या होत्या, हातांना ब्लीचचा वास येत होता. त्यांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि सरळ विचारलं, "मॅडम, ते चालणार का? मला कुणीच सांगत नाही. सगळे म्हणतात, गॉडवर भरोसा ठेव. तो मी ठेवलाय. तुम्ही मला फक्त सांगा."

मी त्यांना घेऊन सर्जनच्या ओपीडीच्या दारात उभी राहिले. आतला पेशंट बाहेर आला, तशी आम्ही आत गेलो. सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची ओढून बसले आणि बाईंनाही बसवलं. मग सर्जनना सांगावंच लागलं. त्यांनी चांगलं सांगितलं, हेही मला सांगायला हवं. आडवळणानं नाही, घाईनंही नाही. बाई रडल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता त्यांना सांगायला चला. मी एकटी नाही सांगणार."

आम्ही तिघं वर गेलो. ऐकून झाल्यावर पेशंटनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "मग घरी कशाला पाठवता? घराला पायऱ्या आहेत. संडास मागच्या अंगणात आहे. आई म्हातारी. मला उलटवणार कोण?"

त्या प्रश्नात पुढच्या कामाची सगळी यादीच होती. बिछान्यातून व्हीलचेअरवर कसं सरकायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून किती वेळानं कूस बदलायची, लघवीची नळी बायकोनं कशी घालायची, वसईत कोणता डॉक्टर बघणार, घराला उतार कोण बांधणार. यातलं काहीही न शिकवता माणसाला स्ट्रेचरवर बांधून पाठवलं असतं, तर पाठीच्या जखमांनीच तो गेला असता. मुंबईत असे पेशंट मी पाहिले होते.

मी खाली आले, त्यांची फाइल घेतली आणि पहिल्यांदा त्यात लिहिलं. पेशंटला आजाराची कल्पना दिली आहे. ते प्रवासाला तयार नाहीत. कुटुंबाला प्रशिक्षण मिळेपर्यंत पाठवणं धोक्याचं आहे. खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, ‘वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ती’. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात.

बिल कंपनी भरत असल्यानं फाइल तिच्या माणसाच्या हाती गेलीच. दोन दिवसांत तक्रार आली. परवाना नसलेल्या बाईनं वैद्यकीय नोंद केली आणि पेशंटला भडकवलं.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनी मला केबिनमध्ये बोलावलं. आधी इंग्रजी झालं. विनापरवाना प्रॅक्टिस म्हणजे काय, दंड काय, तुरुंग काय, हॉस्पिटलचा परवाना कसा धोक्यात येतो. मग दार लावून मराठीत आले.

"वहिनी, कशाला हे लचांड? एक ओळ लिहून द्या. नोंद चुकून झाली. मी मिटवतो."

"चुकून झाली नाही."

"तुम्ही रिसेप्शनिस्ट आहात!"

"ते तुम्ही लिहिलंत. मी नाही."

"लायसन्स आहे का तुमच्याकडे?"

"कोणतं लायसन्स? मला दाखवा तरी. आज अर्ज करते. जे लायसन्स जगातच नाही, ते नसल्याबद्दल मी गुन्हेगार कशी?"

ते म्हणाले, वरच्या मजल्यांवर तुम्हाला बंदी. काउंटर सोडायचा नाही.

घरी जेवताना मी सगळं सांगितलं. नवऱ्यानं ताटात हात थांबवला. आमचा सगळ्यांचा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता. "तू बरोबर आहेस," तो म्हणाला. "पण बरोबर असलेल्या माणसांनाही इथे विमानात बसवतात."

"बसवू देत. मी खिडकीची सीट मागेन."

"थट्टा नाही ग."

"मीही करत नाहीये."

मुलगी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "आई, जस्ट से सॉरी ना. इट्स ओन्ली अ वर्ड."

"सोनू, कशाबद्दल सॉरी म्हणू? त्या काकांना खरं कळलं त्याबद्दल?"

ती विचारात पडली आणि म्हणाली, "देन डोन्ट." तिच्या बाबानं कपाळाला हात लावला. पण पुढच्या सकाळी ऑफिसला जाताना तोच मला परवान्याच्या सरकारी कार्यालयापाशी सोडून गेला. उतरताना म्हणाला, "आवाज चढवू नकोस." भांडू नकोस, असं मात्र तो म्हणाला नाही.

काउंटरवर पायघोळ काळ्या अबायातली एक तरुण स्थानिक बाई होती. तिनं माझी पदवी उलटसुलट पाहिली, शिक्के पाहिले, जाड यादी चाळली. "मा फी," ती म्हणाली. म्हणजे नाही. बाकी आम्ही इंग्रजीत बोलत होतो.

"सरकारी हॉस्पिटलात सोशल वर्कर आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत. माझी मावशीच आहे. पण त्या सरकारी नोकर. त्यांना परवाना लागत नाही."

"म्हणजे काम आहे, माणसं आहेत, फक्त खाजगी हॉस्पिटलसाठी रकाना नाही."

"हो."

"मग माझा अर्ज नाकारला असं लिहून द्या."

"जी कॅटेगरी नाही, तिचा अर्ज मी घेऊच शकत नाही. घेतलाच नाही तर नाकारू कसा?"

माझ्यामागे रांग होती. कुणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणून घाई करायला लागलं. मी हलले नाही. आवाज मात्र चढवला नाही. "सिस्टर," मी म्हटलं, "एक माणूस चालू शकणार नाही. त्याच्याशी त्याबद्दल बोलायला मला परवाना लागतो का?"

तिनं पेन खाली ठेवलं. "बोलायला? नाही. बोलायला कसला परवाना?"

"आणि फायलीत लिहायला?"

"फाइल डॉक्टरची. त्यात काय राहील ते उपचार करणारा डॉक्टर ठरवतो. त्यानं तुझ्या नोंदीखाली सही केली, तर ती त्याच्या जबाबदारीवर. नाही केली, तर खोडून टाकायची. मला का विचारतेस? तुझ्या डॉक्टरला विचार."

हे तिनं लिहून दिलं नाही. पण माझ्या अर्जाची एक प्रत मागून घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली. "कधीतरी यादी बदलेल, इन्शाल्ला. तेव्हा कुणीतरी मागितलं होतं एवढं तरी दिसेल."

मी तिथून थेट सर्जनच्या ओपीडीत गेले. वरच्या मजल्यांवर बंदी होती, ओपीडी तळमजल्यावर होती. फाइल त्यांच्यासमोर ठेवली आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. "आता तुमच्यावर आहे," मी म्हटलं. "खोडा नाहीतर सही करा. पण खोडणार असाल तर त्या बाईंना बोलावते, त्यांच्यासमोर खोडा."

ते चिडले. "आप मुझे धमका रही हैं?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला, नोंद वाचली, परत वाचली. मग माझ्या सहीखाली आपली सही केली आणि त्याखाली स्वतः एक वाक्य वाढवलं: पेशंट प्रवासास अयोग्य. सर्जननं अयोग्य लिहिल्यावर विमान कंपनीनं स्ट्रेचर घेतलंच नसतं. ठेकेदार कंपनीचा माणूस आला, खूप बोलला आणि गेला.

ते वसईकर आमच्याकडे उन्हाळा संपेपर्यंत राहिले. फिजिओथेरपिस्टनं त्यांना हातांच्या जोरावर खुर्चीत सरकायला शिकवलं. पहिल्यांदा ते पडले तेव्हा इतक्या सणसणीत शिव्या दिल्या की नर्स दार बंद करायला धावली. त्यांच्या बायकोनं नळी घालायला शिकून घेतलं. वसईतल्या त्यांच्या चर्चच्या लोकांशी मी फोनवर बोलून घराला उतार बांधून घेतला. वर जायला बंदी असताना हे कसं जमलं, असं कुणी विचारेल. पेशंटलाच व्हीलचेअरवरून माझ्या काउंटरवर आणायचे. लॉबीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर आमची बोलणी चालायची. आठवड्याभरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनीच बंदी उठवली. लॉबीतला देखावा त्यांना नको होता.

ते गेले तेव्हा बसून गेले. विमानतळावर बायको मागून खुर्ची ढकलत होती आणि ते तिला, ढकलू नको, मी करतो, म्हणून ओरडत होते.

त्यानंतर वर्षानुवर्षं मी फायलींमध्ये लिहीत राहिले. सर्जन खाली सही करत राहिले. दरवर्षी लेबर कार्डाच्या नूतनीकरणाच्या अर्जात मी हुद्द्याच्या जागी ‘सोशल वर्कर’ लिहायची, आणि दरवर्षी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ते बदलून पाठवायचे. आमच्यात याबद्दल बोलणंही होईनासं झालं. मंडळात ते मला भेटायचे, "वहिनी, मोदक घ्या" म्हणायचे आणि मी घ्यायची.

नवं शतक लागलं आणि हॉस्पिटलला परदेशी गुणवत्ता प्रमाणपत्राचे वेध लागले. तपासणीचं पथक येणार होतं. त्यांच्या निकषांत होतं की हॉस्पिटलात सामाजिक कार्यकर्ता हवा. एके सकाळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर माझ्या काउंटरवर आले आणि त्यांनी एक नवा कोरा बॅज ठेवला. त्यावर माझं नाव होतं आणि खाली ‘मेडिकल सोशल वर्कर’.

मी तो उचलला आणि दोनदा वाचला.

"कार्डही बदललं?" मी विचारलं.

"ते नंतर बघू ना. चार दिवसांचा प्रश्न आहे, वहिनी."

"आणि पाचव्या दिवशी?"

"इन्शाल्ला."

मी बॅज त्यांच्याकडे सरकवला. "मला नाटकातलं काम नको."

ते म्हणाले, मग तपासणीच्या दिवसांत रजा घ्या. मी रजा घेतली नाही. पथक आलं तेव्हा मी जुना बॅज लावून काउंटरवर बसले होते. पथकात एक वयस्क परदेशी नर्स होती. तिनं फायली वाचल्या आणि प्रत्येक फायलीत जिची सही आहे ती बाई मला भेटवा, असं म्हणाली. मला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. तिनं माझ्या बॅजकडे बघितलं, मग फायलीकडे.

"तुम्ही रिसेप्शनिस्ट आहात?"

"कागदावर."

"आणि या सह्या?"

"त्याही माझ्याच. मी त्याच कामाचं शिक्षण घेतलंय. इथे मला ते काम करू देतात, म्हणू देत नाहीत."

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर टेबलाकडे बघत होते. मग सर्जन बोलले. पहिल्यांदाच सर्वांसमोर, इंग्रजीत. "हे खरं आहे. यात त्यांचा दोष नाही, आमचा आहे."

हॉस्पिटलला प्रमाणपत्र मिळालं, पण शेरा मारून: सामाजिक कार्यकर्त्याचं पद निर्माण करा. पद निर्माण झालं. जाहिरात निघाली, आणि मला सांगण्यात आलं की तुम्हीही अर्ज करू शकता, मुलाखत होईल. मी सांगितलं की मी माझ्याच कामाची मुलाखत देणार नाही. दुसरं कुणी घ्यायचं तर खुशाल घ्या, मी तिला शिकवीन, पण काउंटरवर परत बसणार नाही. दोन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. पुढच्या नूतनीकरणात लेबर कार्डावरचा हुद्दाही बदलला. आरोग्य खात्याच्या परवान्याच्या यादीत मात्र रकाना झाला नाही, निदान मी तिथे असेपर्यंत. माझ्या सहीखालची परवाना क्रमांकाची जागा मी शेवटपर्यंत रिकामीच ठेवली. ‘लागू नाही’ असंही कधी लिहिलं नाही. लागू होतं.

नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही परत आलो. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात रुजू होताना एचआरच्या मुलीनं मला कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला. डॉक्टरांचं कौन्सिल आहे, नर्सेसचं आहे, फार्मसिस्टचंही आहे. मी तिला सांगितलं की आपल्या देशातही सामाजिक कार्यकर्त्यांसाठी असं कौन्सिल नाही, तसा कायदाच झालेला नाही. ती गोंधळली. म्हणाली, "मग या कॉलममध्ये मी काय टाकू?"

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "काही टाकू नकोस. तुझ्या साहेबांना बोलाव, मला त्यांच्याशी याबद्दल बोलायचंय."